सांगलीची इंग्रजी उच्चारसूची: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

कामाची हद्द ठरवली. संगणकाचा आणि फोनचा आवाज मराठी मजकूर आता बऱ्यापैकी वाचतो. तो अडखळतो मध्येच येणाऱ्या इंग्रजी शब्दापाशी आणि नावापाशी. पुराची सूचना असो, द्राक्षबागेचा सल्ला असो की जिल्हा पानावरची बातमी, ‘फुटव्हॉल्व्ह’, ‘झेरॉक्स’, ‘आयर्विन’, ‘वानलेसवाडी’ असं काही आलं की ऐकणारा थबकतो. डोळ्यांनी वाचणारा चुकीचा उच्चार मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. ज्याला केवळ कानांनी वाचायचं आहे त्याला ती सोय नाही. सूची त्याच्यासाठी करायची आहे.

निकष एकच ठेवला: सांगली-मिरजेत आणि तालुक्यांच्या गावांत हा शब्द कानावर पडल्यावर नेमकी तीच वस्तू, तीच जागा किंवा तीच व्यक्ती ओळखू यावी. लंडनला किंवा न्यूयॉर्कला काय म्हणतात ते वेगळ्या रकान्यात लिहायचं. तो रकाना विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल, पण आवाजाने वाचताना पहिला मान इथल्या उच्चाराला.

५ जून

शब्द कुठून घ्यायचे ते पक्कं केलं: वर्तमानपत्रांची जिल्हा पानं, एसटी स्टँड आणि मिरज जंक्शनवरच्या पाट्या व घोषणा, शेती औषधांच्या दुकानांतले माहितीफलक, दवाखान्यांतल्या पाट्या, दहावीपर्यंतची पुस्तकं.

उच्चार विचारताना शब्द लिहून दाखवायचा नाही. कागदावर ‘व्हॉल्व्ह’ दिसला की माणूस अक्षरं वाचतो, आणि आपल्याला त्याचा उच्चार मिळण्याऐवजी त्याचं वाचन मिळतं. त्याऐवजी वस्तू दाखवायची किंवा प्रश्न विचारायचा. ‘विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाला काय बसवता?’ असं विचारलं की ‘फुटवाल’ येतो. तोच माणूस दुकानाचं बिल वाचताना ‘फुटव्हॉल्व्ह’ म्हणतो. दोन्ही उच्चार खरे आहेत, दोन्ही नोंदवायचे, फक्त कोणता कुठे आला ते शेजारी लिहायचं.

प्रत्येक शब्द तीन रूपांत घ्यायचा: सुटा, वाक्यात, आणि प्रत्यय लावून. सुट्या शब्दात शेवटचं अक्षर ताणलं जातं. यादी म्हणताना तर प्रत्येक शब्दाला एकच चाल लागते. प्रत्यय लावल्यावर खरा उच्चार बाहेर येतो, कारण तेव्हा बोलणाऱ्याचं लक्ष शब्दावरून उडून सांगण्याच्या गोष्टीवर जातं. माइक समोर आला की पहिली दोन-चार मिनिटं सगळे शाळेतलं बोलतात, म्हणून आधी पिकाबद्दल, पाण्याबद्दल, मुलांच्या शिक्षणाबद्दल साध्या गप्पा रेकॉर्ड करायच्या आणि याद्या मागाहून घ्यायच्या.

९ जून

ध्वनिमुद्रणाची मापं: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइल. फोनमधली रेकॉर्डिंगची अनेक अ‍ॅप फाइल दाबून लहान करतात आणि आवाज ‘स्वच्छ’ करतात. त्यात नेमका स, श, फ, झ यांचा वरचा सुसकारा कापला जातो, आणि या कामात तोच हवा असतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरायचा. समोर धरला तर प आणि फ यांची हवा थेट आदळून ठोके उमटतात. सर्वांत मोठा आवाज उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान राहील असं बघायचं. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणी न बोलता खोलीचा आवाज घ्यायचा.

पंखा बंद. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तिथे सतरंजी आणि दोन गाद्या उभ्या केल्या तरी फरक पडतो. माधवनगर आणि विट्याच्या बाजूला यंत्रमागांचा ठोका भिंतीतून येतो. तो खालच्या पट्टीत असल्याने ऐकताना फार जाणवत नाही, पण ब, ड, ग यांच्या आधीची घोषाची (गळ्यातल्या कंपनाची) रेघ ध्वनीच्या आलेखात पुसून टाकतो.

फोनवरच्या सल्ल्यासाठी वेगळी चाचणी लागेल. साध्या फोन कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स आणि फ यांतला फरक बराचसा त्याच्या वर असतो. त्यामुळे ‘सीड’ आणि ‘फीड’ घरच्या स्पीकरवर वेगळे वाटतात आणि कॉलवर एकमेकांत मिसळतात. अशा जोड्या आल्या तर उच्चार कितीही नीट केला तरी पुरत नाही, वाक्यच बदलावं लागतं: ‘बियाणं’ म्हणायचं किंवा ‘खाद्य’ म्हणायचं.

१४ जून

इंग्रजी अक्षरांची नावं आधी घेतली, कारण संक्षेपांशिवाय एक बातमी जात नाही.

या भागात शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ए’आधी ‘य’ चढतो. ‘एक’चा ‘येक’ होतो, तसाच एम, एन, एस, एल, एफ यांचा यम, यन, यस, यल, यफ होतो. एचचा यच. म्हणून एसटीची ‘यष्टी’. राज्य परिवहनची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, आणि आज गावोगाव तिचं नाव ‘यष्टी’ आहे. स चा ष का झाला, तेही सरळ आहे. पुढे मूर्धन्य ट आहे, आणि कष्ट, गोष्ट, स्पष्ट या शब्दांमुळे ‘ष्ट’ ही जोडी मराठी जिभेवर आधीच बसलेली आहे. जुन्या छापील मराठीत ‘ष्टेशन’, ‘ष्टोव्ह’ असंच लिहीत.

निर्णय: आवाजाने ‘एसटी’ असंच वाचायचं. ‘यष्टी’ म्हणणाऱ्याला ‘एसटी’ हमखास कळतं, आणि यंत्राने ‘यष्टी’ म्हटलं तर ते गावच्या बोलीची नक्कल केल्यासारखं वाटतं. मात्र उलट दिशेला, म्हणजे माणूस बोलतो आणि यंत्र ऐकून लिहितं तिथे, ‘यष्टी’, ‘येस्टी’, ‘एसटी’ हे तिन्ही एकाच नोंदीखाली हवेत.

जोडून लिहिलेल्या संक्षेपांचा त्रास वेगळा आहे. ‘एमएसईबी’ असं सलग लिहिलं की आवाज मधला ‘सई’ मुलीच्या नावासारखा वाचतो. अक्षरांमध्ये जागा सोडून ‘एम एस ई बी’ करायला लागतं. वीज मंडळाचं विभाजन २००५ मध्ये झालं, बिल महावितरणचं येतं, तरी लाइट गेली की माणसं फोन ‘यमेशीबी’लाच लावतात. नोंद ठेवायलाच हवी.

१८ जून

एकाच इंग्रजी शेवटाचे मराठीत दोन थर सापडले, आणि ते स्वच्छ आहेत. तिकीट, पाकीट, बिस्कीट, जाकीट हे शब्द कानाने आले: इंग्रजीत शेवटचा स्वर आखूड ‘इ’सारखा आहे आणि मराठीने तो ऐकून घेतला. मार्केट, रॉकेट, बजेट, सॉकेट हे स्पेलिंगमधून आले. तिथे ‘ई’ अक्षर दिसतं म्हणून ‘ए’ वाचला गेला. कॉलेज, गॅरेज, पॅकेज हेही स्पेलिंगमधून आले.

दोन्ही थर शेजारी नांदतात तेव्हा अर्थ वाटून घेतात. पाकीट म्हणजे पैशाचं किंवा पत्राचं, पॅकेट म्हणजे दुधाचं किंवा बियाण्याचं. जाकीट नेहरू शर्टावरचं, जॅकेट थंडीतलं. कप्तान आणि कॅप्टन, मास्तर आणि मास्टर, बाटली आणि बॉटल यांचा वापरही असाच वेगळा पडतो. म्हणून सूचीत ‘प्रमाण’ आणि ‘अपभ्रंश’ असे शेरे काढून टाकले. पाकीट हा पॅकेटचा बिघडलेला उच्चार नाही, तो पूर्ण वेगळा मराठी शब्द आहे आणि आवाजाने एकाच्या जागी दुसरा कधीही घालता कामा नये.

‘आ’ आणि ‘अ‍ॅ’ यांचा गुंता सुटायला वेळ लागेल. क्लास, पास, ग्लास यांत मराठीने दक्षिण इंग्लंडचा लांब ‘आ’ घेतला. ग्रँट, ब्रँच, प्लँट यांत ‘अ‍ॅ’ आहे. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो ग्रँट डफच, ‘ग्रांट’ म्हटलं तर इंग्रजीच्या दृष्टीने चालेल, पण इथे ऐकणाऱ्याला अनुदानाची आठवण होईल. वयस्कर माणसांच्या बोलण्यात ग्यास, म्यानेजर, ब्यांक अजून आहेत. चंद्राची खूण (ॅ) रुळण्याआधी छापतही तसंच असत.

२६ जून

आयर्विन.

कृष्णेवरचा हा पूल १९२९ मध्ये खुला झाला आणि तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला मिळालं. इंग्रजीत त्या नावाचा पहिला स्वर ‘बर्ड’, ‘फर्स्ट’ यांतला आहे, म्हणजे उच्चार ‘अर्विन’च्या जवळ जातो. मराठीत ‘आय’ हे अक्षर पाहून ‘आयर्विन’ झालं. लोखंडाच्या इंग्रजी शब्दाची मराठी कानाला सवय आहे, तोही हातभार लागला असेल. आज सांगलीत या नावाचा अर्थ व्हाइसरॉय असा उरलेलाच नाही. आयर्विन म्हणजे पूल, आणि पूल म्हणजे पाण्याची पातळी. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आकडे याच पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे. पावसाळ्यात शहराचे कान त्या एका वाक्याकडे लागलेले असतात.

एका इंग्रजी आवाजाला ‘अर्विन ब्रिज’ असं वाचायला लावून ऐकवून पाहिलं. नदीकाठच्या गल्लीत राहणाऱ्यांनाही हा आपला पूल आहे हे चटकन कळलं नाही. पुराच्या रात्री हा एवढा विलंब परवडणारा नाही. त्यामुळे पुलाच्या नोंदीत ‘आयर्विन’ हा एकच उच्चार, पर्याय नाही. व्यक्तीची नोंद वेगळी: मराठी इतिहासाच्या पुस्तकात ‘आयर्विन’, इंग्रजी वाक्यात ‘अर्विन’. गांधी-आयर्विन करार शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी माध्यमातल्या बातमीपटात ‘अर्विन’ ऐकू आलं तर तो माणूस एकच आहे हे कळावं, म्हणून दोन नोंदी एकमेकींना जोडल्या.

याच पुलामुळे सूचीचा सगळ्यात महत्त्वाचा नियम लिहून ठेवता आला: नोंद स्पेलिंगला नाही, नोंद ज्याचं नाव आहे त्याला. एका स्पेलिंगच्या पाच नोंदी झाल्या तरी चालतील.

वानलेसवाडी तशीच. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं. त्यांच्या आडनावाचा इंग्रजी उच्चार ‘वॉन्लेस’च्या जवळचा आहे. रुग्णालयाचं नाव सांगताना कुणी वॉन्लेस म्हणतं, कुणी वानलेस, बरेच जुने लोक नुसतं ‘मिशन’ म्हणतात. पण वाडीचं नाव घेताना मात्र सगळे वानलेसवाडीच म्हणतात, कारण ‘वाडी’ जोडली की नाव पुरतं मराठी होतं आणि ‘ऑ’ला तिथे जागा उरत नाही. रुग्णालयाला दोन उच्चार, वाडीला एक.

विलिंग्डन कॉलेजचं (स्थापना १९१९) काम सोपं निघालं. विलिंग्डन आणि विलिंगडन यांत फक्त ‘ग’ मोकळा होण्याचा फरक आहे, कुणाचा गोंधळ होत नाही. साताऱ्याकडच्या नावांत महाबळेश्वरचं माल्कम पेठ घेतलं. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या नावात इंग्रजीत दुसरा ‘ल’ मुका आहे आणि मराठीने तो बरोबर गाळला आहे. इथे नाव कानाने आलं, आयर्विनचं डोळ्याने. दोघांमध्ये साधारण शंभर वर्षांचं अंतर आहे.

१ जुलै

तांत्रिक अडचण, पण हिच्यामुळे अर्धी सूची निकामी होते.

‘अ‍ॅ’ हे एक अक्षर मजकुरात चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. यू+०९७२ हे मराठीसाठी असलेलं सलग अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं, अ, मग अदृश्य जोडखूण, मग चंद्र. तिसरं, जोडखूण न घालता अ आणि चंद्र. चौथं, हिंदीकडचं ‘ए’वर चंद्र असलेलं अक्षर. पडद्यावर पहिली तीन जवळजवळ सारखी दिसतात. शोधताना मात्र चारही वेगळी, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवलं तरी ती एक होत नाहीत. ‘अ‍ॅसिड’ सूचीत असूनही सापडत नाही, असं त्यामुळे होतं. पहिल्याच पायरीवर चारही यू+०९७२ वर आणायची. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचीही दोन रूपं चालतात, तीही इथेच एकत्र करायची.

जुन्या डीटीपी फॉन्टातला मजकूर रूपांतरित करून घेतला असेल तर चंद्र आणि रफार यांच्या जागा डोळ्यांनी तपासायच्या. ‘फॉर्म’, ‘चार्ज’, ‘सर्व्हिस’ हे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत, बिघाड असेल तर तिथे आधी दिसतो.

सूची युटीएफ-८ मध्ये ठेवायची. स्वल्पविराम पद्धतीची (सीएसव्ही) फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीचा कचरा दिसतो, आणि कुणी तो तसाच सेव्ह केला तर फाइल गेली. लिब्रेऑफिसमध्ये उघडावी, ते अक्षरसंकेत (एन्कोडिंग) विचारतं.

८ जुलै

च, ज, झ. मराठीत या अक्षरांचे दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. ‘चमचा’तला च दातांजवळचा, ‘चिमटा’तला टाळूचा. इंग्रजीतले च आणि ज नेहमी टाळूचे. आवाज मराठी सवयीने ‘जॉब’चा ज ‘जाड’सारखा काढतो आणि शब्द विचित्र होतो. सूचीत दातांजवळच्या उच्चाराला खाली टिंब द्यायचं ठरलं: च़, ज़, झ़.

नियम शोधताना एक गोष्ट हाती लागली. ज्या शब्दात ॅ किंवा ॉ आहे तो इंग्रजी, हे जवळजवळ धरून चालता येतं. म्हणून जॅक, जॉब, चॉकलेट, चॅनेल यांना नियमानेच टाळूचा च-ज मिळतो, एकेक नोंद लागत नाही. चार्ज, चार्ट, जार, जोकर, जर्सी यांना मात्र नोंद हवी.

नियम मूळ शब्दापुरताच लावायचा. ‘जॉबचा’मध्ये ज टाळूचा, पण ‘चा’ मराठी प्रत्यय आहे आणि तो दातांजवळचाच. ‘जॉबची’, ‘जॉबच्या’ यांत पुन्हा टाळूचा. सगळ्या शब्दावर एकदम नियम चालवला की ‘डॉक्टरचा’ ऐकताना परक्याने मराठी बोलल्यासारखं वाटतं. कान हे लगेच पकडतो, बाकी शंभर गोष्टी बरोबर असल्या तरी.

इंग्रजी ‘झेड’चा आवाज मराठीने झ ला दिला. झू, झोन, झूम यांत तो जमतो, कारण मराठी ‘झाड’मधला झ त्याच्या जवळ आहे. ए आणि इ पुढे आले की मराठी झ टाळूकडे जातो, जसा ‘झेंडा’, ‘झिम्मा’ यांत. म्हणून झेब्रा, झेरॉक्स, झिप, झीरो यांत दोन उच्चार ऐकू येतात, आणि एकाच घरात ऐकू येतात. इथे ‘झ़’ ठेवला. टाळूचा झ पर्याय म्हणून नोंदवला.

१५ जुलै

तासगाव-पलूसकडचे द्राक्षशब्द. इथे उच्चार चुकला तर औषध चुकू शकतं, त्यामुळे हा भाग सर्वांत सावकाश केला.

थॉमसन सीडलेस हा वाण कॅलिफोर्नियातल्या थॉम्पसन नावाच्या बागायतदाराच्या नावावर आहे. इंग्रजीत त्या नावाची सुरुवात ‘ट’ने होते, ‘थ’ तिथे नुसता लिहिण्यापुरता. पण बागेत ‘टॉमसन’ म्हणणारा कुणी नाही. वाणाची नोंद थॉमसन, व्यक्तीची टॉमसन, आयर्विनचा नियम इथेही जसाच्या तसा. ‘सीडलेस’ला शिडलेस हा पर्याय आहे. पुढे इ-ई आला की स चा श होतो, तसाच ‘शिमिट’ आणि ‘शिंगल फेज’मध्ये.

बोर्डो मिश्रण याच्या उलट. फ्रान्समधल्या बोर्दो भागात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डाउनी या द्राक्षरोगावर ते वापरात आलं. रोमन स्पेलिंगच्या शेवटच्या चार अक्षरांचा मिळून एकच ‘ओ’ होतो, तरी शेतकऱ्याचा ‘बोर्डो’ मूळ उच्चाराला धरून आहे. कारण शब्द छापील लेबलातून नाही, तोंडी सल्ल्यातून पसरला. रोमन अक्षरांवरून देवनागरी करणारं यंत्र ‘बोर्डेऑक्स’ करतं, ती नोंद हाताने बंद केली.

डाउनी, डॉगरिज (खुंटाचा वाण), जीए (संजीवक), थिनिंग (विरळणी), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) यांत फारसं बघायचं नाही. मापांत आहे. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. लेखात ते ‘१:१:१००’ असं छापतात आणि आवाज त्याची घड्याळाची वेळ करतो. ‘एकास एक, पाणी शंभर’ असं शब्दांत फोडून द्यावं. ‘ग्रॅम’ची जागा हिंदी वळणाच्या मजकुरात ‘ग्राम’ घेतो, मग ऐकणाऱ्याला गाव ऐकू येतं. ‘मिली’ नुसतं वाचलं तर ते ‘मिळाली’सारखं निसटून जातं, ‘मिलिलिटर’ पूर्ण वाचावं. दशांश चिन्हाला ‘पॉइंट’ म्हणायचं आणि पुढे-मागे किंचित थांबायचं. ‘०.५’मधला पॉइंट ऐकू आला नाही तर मात्रा दहापट होते. पाईंट, पाइंट, पॉइंट यांपैकी काहीही चालेल, थांबा मात्र हवाच.

२२ जुलै

शब्द बदलण्याचं काम आवाजाच्या आधी एका छोट्या पायथन प्रोग्रॅममधून होतं. त्यात शब्दाची सीमा ओळखणारी नेहमीची खूण देवनागरीला चालत नाही. कारण असं की पायथनच्या नेहमीच्या शोधात काना, मात्रा, वेलांटी, चंद्र ही ‘अक्षरं’ धरली जात नाहीत. त्यामुळे ‘बँका’ या शब्दात क आणि काना यांच्या मध्येच सीमा आहे असं त्याला वाटतं, आणि कान्याने संपणारा शब्द शोधायला दिला तर तो कधी सापडतच नाही.

उपाय: सीमा स्वतः लिहायची. शब्दाच्या अलीकडे-पलीकडे यू+०९०० ते यू+०९७एफ या पट्ट्यातलं अक्षर नसावं. त्या पट्ट्यातून दंड, दुहेरी दंड आणि देवनागरी आकडे वगळायचे, आणि दोन अदृश्य जोडखुणा पट्ट्याबाहेर असल्या तरी शब्दातल्या धरायच्या.

मराठी शब्द एकटा येत नाही, हे त्याहून मोठं. बँक, बँकेत, बँकेला, बँकांनी, बँकेच्याच. प्रत्येक नोंदीला मूळ रूप, एकवचनी सामान्यरूप, अनेकवचनी सामान्यरूप आणि त्यापुढे चालणारे प्रत्यय अशी जोडणी केली. ऑफिस, स्टेशन यांसारख्या शब्दांना दोन सामान्यरूपं आहेत (‘ऑफिसला’ही आणि ‘ऑफिसाला’ही), दोन्ही ठेवली. आयर्विनला सामान्यरूप नाही: ‘आयर्विनवर’, ‘आयर्विनजवळ’. लांब नोंद आधी आणि आखूड मागाहून तपासायची.

२ ऑगस्ट

आवाजाचं पृथक्करण करणाऱ्या प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नमुने मोजले. (अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालं आहे. पुरुषांच्या आवाजाला फॉर्मंटची (तोंडातल्या घुमण्याने उठून येणाऱ्या पट्ट्यांची) कमाल मर्यादा ५००० आणि बायकांच्या आवाजाला ५५०० हर्ट्झ ठेवायची, नाहीतर आकडे भरकटतात.)

ट: इंग्लंड-अमेरिकेत शब्दाच्या सुरुवातीचा हा आवाज हिरडीवर होतो आणि त्यामागून हवेचा झोत येतो. स्फोट आणि स्वर यांमध्ये ५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो. मराठी ‘टेबल’मध्ये जीभ मागे वळते, तिसरा फॉर्मंट खाली झुकतो आणि झोत जवळजवळ नसतो. इथल्या नोंदींना मराठी ट च द्यायचा.

थ: इंग्रजीत जीभ दातांत धरून हवा घासत जाते. मराठीत दातांमागे अडवून सोडलेला थ. थिएटर, थर्मामीटर, थ्रेशर सगळे तसेच.

व आणि व्ह यांवर मतभेद आहेत. लिहिताना मराठीने सोय करून ठेवली आहे: व्हॅन, व्होट, व्हिडिओ यांना ‘व्ह’, वॉर्ड, वेटर, वायर यांना ‘व’. बोलताना व्ह मध्ये ह किती ऐकू येतो ते वयावर आणि गावावर आहे, आणि शब्दाच्या शेवटी, म्हणजे ‘ड्राइव्ह’, ‘सर्व्ह’मध्ये, तो अनेकदा नाहीसाच होतो. आवाजाने ‘ह’ स्पष्ट वाचला तर ‘ड्राइवह’ असा तुकडा पडतो. शेवटच्या ‘व्ह’ला सूचीत नुसता ‘व’ केला.

शेवटचा र: डॉक्टर, मोटर, टीचर यांतला र लंडनकडे गळतो, अमेरिकेत टिकतो, मराठीत तर तो पूर्ण वाजतो. इथे अमेरिकन आणि मराठी उच्चार जवळ आले आहेत, पण कारणं वेगळी आहेत. आपला र लेखनातून आला.

११ ऑगस्ट

परदेशी नावं. बातम्यांसाठी आणि क्रिकेटसाठी.

इंग्लिश काउंटी संघ: लेस्टरशर, वुस्टरशर, ग्लॉस्टरशर, डार्बीशर, वॉरिकशर. यांतलं एकही नाव स्पेलिंगवरून सुटत नाही, सरळ पाठ करायचं. मराठी क्रीडापानांवर ही नावं बहुतेक बरोबर असतात, कारण रेडिओच्या समालोचनातून कान तयार झाले.

एकाच स्पेलिंगची दोन गावं: इंग्लंडमधलं बर्मिंगम, अमेरिकेतल्या अलाबामातलं बर्मिंगहॅम. टेक्सासमधलं ह्यूस्टन शहर, न्यूयॉर्कमधला हाउस्टन स्ट्रीट. कॅन्झस आणि आर्कन्सॉ. आर्कन्सॉच्या विधिमंडळाने १८८१ मध्ये ठराव करून आपल्या राज्याचा उच्चार ठरवून टाकला. इलिनॉय आणि कनेटिकट यांत मुकी अक्षरं आहेत.

एकाच स्पेलिंगची दोन माणसं: वैज्ञानिक हॉकिंग यांचं पहिलं नाव ‘स्टीव्हन’ आहे, बास्केटबॉलपटू करी याचं ‘स्टेफन’. मराठी पुस्तकांत ‘स्टीफन हॉकिंग’ रुळलं आहे. इथे थांबून विचार करावा लागला. पूल किंवा द्राक्ष यांच्यासारखं हे नाव सांगलीचं झालेलं नाही, ते एका माणसाचं आहे आणि त्याने ते कसं उच्चारलं ते ठाऊक आहे. तरी ज्या मुलाने ‘स्टीफन’ वाचलं आहे त्याला परीक्षेच्या ध्वनिपुस्तकात ‘स्टीव्हन’ ऐकून वेगळाच माणूस वाटेल. ठरलं असं: व्यक्तीच्या नावाला व्यक्तीचा उच्चार, आणि पाठ्यपुस्तकात दुसरं रूप असेल तर पहिल्या उल्लेखाला दोन्ही. टेम्स आणि थेम्स, ग्रेनिच आणि ग्रीनिच यांनाही तेच.

२० ऑगस्ट

ब्रिटिश-अमेरिकन जोड्या भराभर संपल्या. शेड्यूल-स्केज्यूल, लेफ्टनंट-लूटेनंट, झेड-झी, झेब्रा-झीब्रा, व्हिटमिन-व्हायटमिन. मराठीत जवळजवळ सगळीकडे ब्रिटिश वळण आहे. अपवाद संगणकाकडचे: ‘राउटर’ अमेरिकेचा, आणि त्याच घरात बसचा ‘रूट’ ब्रिटिश. ‘डेटा’ आणि ‘डाटा’ दोन्ही चालतात, फोनच्या रिचार्जवाल्याकडे ‘डाटा’ जास्त. तरुण मुलांत ‘स्केज्यूल’ वाढतो आहे, पर्याय म्हणून नोंदवला.

२८ ऑगस्ट

उलट बाजू: रोमन अक्षरांतली आपली गावं. रस्ता सांगणारे आवाज तासगावला ‘टॅसगाऑन’, कराडला ‘कॅराड’, वाईला ‘वे’ करतात. रोमनमध्ये त आणि ट, ल आणि ळ, न आणि ण एकच होतात, म्हणून शिराळा, फलटण, कवठे महांकाळ यांचं नियमाने काही जमणार नाही. देवनागरी नावांची यादीच जोडावी लागते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या तालुक्यांची नावं आधी भरली, गावं तालुकावार पुढे.

६ सप्टेंबर

ऐकवण्याची चाचणी. संदेश एकदाच ऐकवायचा आणि ‘काय सांगितलं?’ एवढंच विचारायचं. ‘कळलं का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. मात्रेचे संदेश साध्या फोनवरून, पुराचे संदेश चौकातल्या लाउडस्पीकरसारख्या मोठ्या आवाजात ऐकवायचे. मोठ्या आवाजात जोडाक्षरं आधी बुडतात: ‘फुटव्हॉल्व्ह’चा शेवट गेला तरी शब्द कळतो, ‘स्टार्टर’ आणि ‘चार्टर’ मात्र अदलाबदल होतात. लाउडस्पीकरसाठी वेग कमी केला, आणि नावाच्या आधी त्याची जात सांगितली: ‘पूल, आयर्विन’, ‘वाण, थॉमसन’. याने ओळख लवकर पटते, उच्चार जरा इकडेतिकडे असला तरी.

१५ सप्टेंबर

पहिली आवृत्ती बंद केली. एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या उच्चारकोशासाठी वेगळी छोटी फाइल काढली. तिथे प्रत्ययांची जोडणी घातली नाही, नेहमी लागणारी रूपं पूर्ण लिहून दिली.

पुढच्या फेरीसाठी: मार्केट यार्डातले हळदीच्या सौद्याचे शब्द, साखर कारखान्यातले पदार्थ आणि यंत्रं, मिरजेच्या दवाखान्यांतल्या तपासण्यांची नावं. तपासण्यांत ‘सीटी’ आणि ‘सिटी’ यांचा घोळ आहे. ‘सिटी स्कॅन’ असं सर्रास लिहितात, आवाज दोन्ही एकसारखे वाचतो, आणि ‘सिटी हॉस्पिटल’ शेजारच्याच वाक्यात येतं. अक्षरं सुटी करून ‘सी टी’ ठेवायचं, फाइलमध्ये ते घालून झालं आहे, फोनवर ऐकवून बघायचं बाकी आहे.